गुडविल दिलं

"हॅलो?… हो आई, बोल. क्लास चालू आहे वं, लवकर बोल… नोटीस? कोणाची?… श्यामकाकाची?"

प्रणाली खडू हातात घेऊनच जिन्यात आली. अमरावतीत तिचा इंग्रजीचा क्लास होता. आत पोरी नोकरीचे अर्ज लिहीत बसल्या होत्या.

"अवं रडू नको… इंग्रजीत आहे? मंग फोटो पाठव… पाठवला? थांब, पाहते."

तिनं वाचलं, अन् पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"आई, ऐकून राहिली ना?… काका म्हणते, बाबांनं नव्या दुकानावर 'नत्थुजी कूलर' लिहायचं नाही. जुन्या दुकानासंगं थे नाव बी आता काकाचं… हो वं, बाबांचंच नाव! पण काकाचं झालं… काहून म्हणजे? वाटणीच्या कागदावर बाबांनं एक ओळ टाकायले लावली होती, आठवते?… मीच लिहिली. बाबा म्हणे, दुकान श्यामले देऊन राहिलो, पण मनात काही नाही, त्याचं भलं होवो, हे इंग्रजीत चांगलं मांड. मी मांडलं, 'आय गिव्ह यू ऑल माय गुडविल'…

"सदिच्छाच वं! डिक्शनरीत सदिच्छाच आहे! पण धंद्याच्या कागदावर गुडविल म्हणजे दुकानाचं नाव, पत, बांधलेलं गिऱ्हाईक, सगळं… 'गुड विशेस' लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं… मले काय माहीत! मी इंटरव्ह्यूचं इंग्रजी शिकवते… हो, बाबा म्हणत होते वकिलाले दाखवू. मीच म्हटलं, कायले पाहिजे वकील, मी आहो ना."

खडू तिच्या मुठीत मोडला. आतून एका पोरीनं स्पेलिंग विचारलं, तिला ते ऐकूच आलं नाही.

"काकाले फोन केला?… काय म्हणे?… 'मी कुठं मागितलं, दादानंच दिलं'? वा रे वा काका!… केस करता येते, पण तवरी उन्हाळा निघून जाईन. मंग कूलर कोण घेईन?… नको, बाबांले फोन देऊ नको. आई, हात जोडते…

"हॅलो… बाबा… ऐकलं तुमी?… माझ्यावर रागवा ना बाबा. काहून नाही रागवत?… तुमी बरोबरच सांगितलं होतं, चुकलं माझंच. मीच घात केला तुमचा… नाही बाबा, आता दुसरी ओळ लिहून उपयोग नाही. सही झाली…

"पेंटर? आत्ता शिडीवर आहे?… किती लिहिलं त्यानं?… 'नत्थु' झालं, 'जी' राह्यला…"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही बाबा. 'नत्थु' बी नाही ठेवता येत… नुसतं 'कूलर' लिही म्हणा… हो, नुसतं… पुसायले सांगा त्याले… बाबा, पुसायले सांगा ना… बाबा?… हॅलो?"

फोन कटला होता.