हिरवी म्हणजे अर्थिंग!

शुक्रवार. संध्याकाळचे साडेसहा. स्थळ, वॉलारा गावचा बोलिंग क्लब, बारशेजारचं बुटकं स्टेज. आणि गुन्हेगार कोण, तर म्हणे गिटार! चौकशी नाही, पुरावा नाही, थेट निकाल!

तुम्हाला सांगतो, दर शुक्रवारी आमच्या क्लबात मांसाच्या ताटाची सोडत असते. चॉप्स, सॉसेज, वर शोभेला पार्सलीची काडी. आपला नंबर लागला की ताट आपलं. सगळं गाव त्या ताटासाठी येतं, बँडसाठी कोण येतंय? तरी सोडतीच्या आधी क्लॅरी हॉबडेन आणि त्याची बायको लोर्ना वाजवतात, तो गिटार, ती बेस गिटार, आणि तेवढ्या आनंदावरच दोघांचा आठवडा तरतो. तर त्या शुक्रवारी क्लबच्या कमिटीच्या अध्यक्षीणबाई ग्लेनिस माइकवर आल्या, चष्मा लावला, नंबर वाचला, आणि स्पीकरमधून भूंऽऽऽ... पुन्हा वाचला, पुन्हा भूंऽऽऽ! नंबर कुणाला कळेना, लोक टेबलं बडवायला लागले. शेवटी सोडत रद्द, ताट परत बारच्या फ्रिजमध्ये, फ्रिजला कुलूप.

ग्लेनिसबाईंचा तो थंड आवाज ऐकायला हवा होता तुम्ही. "क्लॅरी, तुझी गिटार भुणभुणते. पुढच्या शुक्रवारी भुणभुणली, तर तुमच्या जागी कराओकेचं मशीन. मशीन फुकटात बिअर पीत नाही."

आता क्लॅरीच्या गिटारीला तीन एकेरी पिकअप. पिकअप म्हणजे काय, तर तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार थरथरली की ती टिपते, पण टिपता टिपता ट्यूबलाइट, पंखा, शेजारणीचा मिक्सर, सगळ्यांची भुणभुणही टिपते! त्यावर उपाय असतो, हमबकर नावाचा. दोन गुंडाळ्या, एक सुलट, एक उलट, एकीची भुणभुण दुसरी खोडते. पण त्याचा आवाज जाड, आणि एकेरी पिकअपची किणकिण म्हणजे क्लॅरीचा जीव की प्राण. मग त्यानं काय केलं, दोन एकेरी ठेवले, तिसऱ्याच्या जागी हमबकर घ्यायचा ठरवला आणि त्याला खटका. खटका बाहेर ओढला की एक गुंडाळी झोपते, किणकिण हजर. आत ढकलला की दोघी जाग्या, भुणभुण गायब. काय वाईट होतं सांगा?

वाईट एवढंच, की क्लॅरी जन्मभर इलेक्ट्रिशियन! अर्ध्या गावाच्या भिंतींत त्याच्या वायरी. हमबकर पोस्टानं आला, त्याला चार वायरी, लाल, पांढरी, काळी, हिरवी. लोर्ना म्हणाली, सोबतचा कागद तरी वाच. त्यानं कागदावर चहाचा मग ठेवला.

"हिरवी म्हणजे अर्थिंग. मला कागद काय शिकवणार?"

आणि दिला सोल्डरिंगचा डाग! खटका बाहेर, किणकिण झकास. खटका आत... अहो, पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडल्यासारखा आवाज, आणि भुणभुण दुप्पट! गेला फोन दुकानदाराला. तो पोरगेल्या आवाजात म्हणतो कसा, "काका, आमच्या मालात काळी अर्थिंगला, हिरवी आतल्या जोडाला. तुमची एक गुंडाळी उलटी लागलीय. म्हणून तारांचा आवाज खोडला जातोय आणि भुणभुणीची बेरीज होतेय."

"हिरवी... अर्थिंगला नाही?"

"नाही, काका."

क्लॅरीनं फोन ठेवला तो घरातलं कुणी गेल्यासारखा. बुधवार गेला, गुरुवारची रात्र आली, गडी डाग द्यायच्या हत्याराला हात लावीना. लोर्ना म्हणाली, अरे, गिटार आहे ती, शॉक लागून कुणी मरायचं नाही. हा म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे. हिरवी म्हणजे अर्थिंग! ती म्हणाली, मग तत्त्वालाच उद्या स्टेजवर बसव. आणि एवढं बोलून त्या बाईनं त्याच्याच पेटीतून चिकटपट्ट्या काढल्या, हिरव्या वायरीला काळी गुंडाळली, काळीला हिरवी.

"आता?"

क्लॅरीनं वाकून पाहिलं, नीट पाहिलं. "आता बरोबर आहे," म्हणाला, आणि दिला डाग. काय बोलायचं अशा माणसापुढे?

गिटारीची भुणभुण मुकी झाली हो, एकदम मुकी! आणि आला शुक्रवार. कोपऱ्यात चादरीखाली कराओकेचं मशीन, आधीच आणून ठेवलेलं! ग्लेनिसबाई माइकवर, चष्मा, नंबर... भूंऽऽऽ!

सगळ्या माना क्लॅरीकडे. त्यानं शांतपणे गिटारची केबल उपटली आणि सापाचं तोंड धरावं तशी वर धरली. भूंऽऽऽ! लोर्नानं बेसची उपटली. भूंऽऽऽ! गेल्या शुक्रवारी हे एकालाही सुचू नये? क्लॅरी उठला, कान लावत लावत बारच्या मागं गेला, आणि फ्रिजचा प्लग ओढला. शांतता! अशी, की कुणाची तरी कवळी वाजलेली ऐकू आली. त्यानं स्क्रू काढून प्लग उघडला. आत हिरवी वायर लोंबत होती. कशालाच जोडलेली नाही!

"हिरवी म्हणजे..." क्लॅरीनं उघडा प्लग उंच धरला. पुढचं, गावाला केव्हाच पाठ असलेलं, अख्ख्या क्लबानं एका सुरात म्हटलं.

ग्लेनिसबाई घसा खाकरून म्हणाल्या, बँड राहील. टाळ्या! तेवढ्यात लोर्नाला आठवण झाली, गेल्या शुक्रवारचं ताट आत आहे, फ्रिज बंद, मांस खराब होईल, निदान त्याची तरी सोडत उरका. बाईंनी पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं. आत बिअर होती, लिंबं होती, पार्सलीची एक काडी होती.

तर तुम्हाला सांगतो, हिरवी वायर कुठं जाते ते आता गावातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. चॉप्स कुठं गेले, ते कमिटीनं अजून सांगितलेलं नाही.