झाकणाचं भोक

लोणावळा स्टेशनात गाडीची वाट पाहणाऱ्या कस्तुराबाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं.

"फकरुद्दीन मिस्त्री, मालकांचा जुना पेट्रोलवरचा ट्रॅक्टर घटकाभर चालतो अन् आपसूक बंद पडतो. कायबी कळंना."

"पेट्रोल संपतं का, महिपती?"

"न्हाई. टाकी भरलेली असती. प्लग पुसले, नळी फुंकली."

"मग परत चालू कसा होतो?"

"झाकण उघडून टाकीत बघितलं, की होतो."

"झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. ते बुजलं, तर पेट्रोल खाली उतरत नाही."

"ते मीच मेणानं बुजवलं. पाणी जाऊ नये म्हणून."

"मग मेण काढून टाक. झालं काम."

"पर मालकांनी भिमाजी डायवरला कामावरनं काढलं की. इंजिन त्यानंच बिघडवलं म्हणून."

"त्याच्या जागी आता कोण चालवतो?"

"मीच."