विहिरीवरची पाठमोरी

ऐका. शेंगा फोडता फोडता ऐका, हात थांबवू नका, पण दाराकडे पाठ करून कोणी बसू नका. आजची गोष्ट पाठीचीच आहे.

रात्री हायवेवरून येताना तो दिव्यांचा डोंगर दिसतो ना, लाल, हिरवा, जांभळा? तेच ते रुपेरी नगर. लोक लांबून गाड्या करून येतात आणि सिनेमाच्या आत शिरल्यासारखे तोंड वासून फिरतात. आहे काय आत? एक रेल्वे स्टेशन आहे, तिथून गाडी कुठेच जात नाही. एक तुरुंग आहे, त्याचे गज लाकडाचे. एक राजवाडा आहे. समोरून बघा, डोळे दिपतील. मागे जाऊन बघा, नुसते बांबू आणि काथ्या. देऊळसुद्धा आहे हो. आत देव थर्माकोलचा. वारा सुटला की देव हलतो आणि लोक म्हणतात, वा, काय सोय केली आहे.

या सगळ्या सोंगात एकच गोष्ट खरी. विहीर. आपल्या वडजाई गावची जुनी विहीर, काळ्या दगडाची, पायऱ्यांची. आणि त्या शहाण्यांनी काय केलं? खरा काळा दगड फोटोत पुरेसा काळा दिसत नाही, म्हणून त्याच्यावर काळ्या दगडाचा रंग मारला. दगडाला दगडाचा रंग. आता बोला.

तर या नगरात एक माणूस होता. लोकांना फिरवायचं, माइकवर माहिती सांगायची, हे त्याचं काम. छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर नाव राजवीर. राजवीर कसला, आपल्या तानूबाईचा धोंडू. पण वडजाईचं नाव काढलं की त्याला खोकला यायचा. घर इथे टेकडीखाली, आणि हा राहायचा वर नोकरांच्या खोलीत, गावाचा वास लागू नये म्हणून.

विहिरीपाशी आला की आवाज खाली आणायचा. "मंडळी, आता या जागेचा कोणालाही ठाऊक नसलेला इतिहास ऐका. इथे शूटिंगच्या वेळी महान नटी नीलमकुमारी हिने प्रेमभंगातून उडी घेतली. आजही तिची पैंजणं वाजतात." कसली नीलमकुमारी आणि कसलं काय. जेवणाच्या सुट्टीत वडापाव खाता खाता रचलेली गोष्ट ती.

बरं, आपली रीत तुम्हाला माहीत आहे. दिवे लागल्यावर त्या विहिरीजवळून जायचं तर काठावर थांबायचं. आपलं नाव सांगायचं, आईचं नाव सांगायचं, "वाट दे" म्हणायचं, मग पुढे जायचं. तान्हं कडेवर असेल तर त्याचंही नाव सांगायचं. धोंडूने त्या रीतीचाही तमाशा केला. लोकांना ओरडून नावं सांगायला लावायचा, आणि झुडपात लपवलेल्या स्पीकरमधून बाई हसायची. लोक किंचाळायचे, फोटो काढायचे, आईस्क्रीम खायला जायचे.

एका रात्री नगर बंद झालं आणि धोंडूला शेजारणीचा फोन आला. तानूबाईला सणसणून ताप भरला होता, शुद्ध हरपल्यासारखी मुलाचं नाव घेत होती. हा निघाला. आई ती आईच, तेवढं तरी त्याच्यात उरलं होतं. फाटकावर येसाजी राखणदार बिडी ओढत बसला होता.

"कुठं रे धोंडू?"

"राजवीर म्हणा, काका. बिल्ला दिसत नाही का?"

"बरं, राजवीरसाहेब. कुठं निघाली स्वारी?"

"आईला बरं नाही. मागच्या फाटकाने उतरतो."

"सडकेनं जा. विहिरीवरून कशाला? आणि गेलासच तर नाव सांगून जा."

"काका, तिथलं भूत मीच बसवलंय. कुठल्या झुडपात आहे तेही दाखवतो, या."

येसाजीने बिडी विझवली आणि तोंड फिरवलं. अशा माणसाशी काय बोलायचं.

चालला धोंडू. दिवे मालवलेले. दिव्यांशिवाय ते नगर कसं दिसतं ठाऊक आहे? जत्रा उठल्यावरच्या माळासारखं. खोट्या स्टेशनवर आला तर पुढे एक बाई चाललेली. हिरवं नऊवारी, अंबाडा, पाठमोरी. याला वाटलं, झाडलोट करणारी कोणी मागे राहिली असेल.

"ओ ताई, नगर बंद झालं. फाटक त्या बाजूला."

बाई थांबली नाही. लुगडं ओलं होतं. फलाटावर पाण्याची ओळ उमटत होती. हा भरभर चालला, तिला ओलांडून पुढे गेला आणि वळून पाहिलं.

पाठच दिसली. तोच अंबाडा, तेच ओलं लुगडं. पुढून पाहिलं तरी पाठ.

धोंडू उलटा फिरला. पळत राजवाड्याच्या दारात शिरला. अरे, त्या दारामागे काही नाही, बांबू आहेत, हे त्याला रोज दिसायचं. त्या रात्री मागे दालन होतं. दालनात आरसे. प्रत्येक आरशात ती बाई, पाठमोरी. आणि एका आरशात तो स्वतः. तोही पाठमोरा. आरशासमोर उभा आहे, आणि दिसते स्वतःची पाठ. त्याने गाल चाचपून बघितले. गाल होते, पण आरसा दाखवीना.

तिथून पळाला तर वरचे भोंगे बोलायला लागले. आधी त्याचाच आवाज, "मंडळी, कोणालाही ठाऊक नसलेला इतिहास ऐका." मग खरखर. मग दुसरा आवाज, पुरुषाचा, तरणा, हुकमी. "पाठ कॅमेऱ्याकडे ठेव. तोंड दिसता कामा नये. पाणी नीट उडालं नाही. पुन्हा उडी."

तो आवाज धोंडूने ओळखला. हल्ली तो वयाने जाडा झाला होता, पण तोच. नगराचे मालक, तरुणपणी सिनेमे काढणारे प्रतापशेठ यांचा.

मग ज्या वाटेला लागावं ती वाट विहिरीकडे. तुरुंगाकडून वळला, विहीर. देवळामागून गेला, विहीर. शेवटी काठाशीच बसला. समोर ती उभी, पाठ करून. विहिरीतून यावा तसा आवाज आला.

"नाव?"

"राज... राजवीर."

"ते बिल्ल्याचं. तुझं विचारलं."

आणि ती हळूहळू वळायला लागली. आधी कानातली बाळी दिसली. मग गालाची कड.

"सिनेमातल्या बाईच्या बदली मी उडी मारली," ती म्हणाली. "आता माझ्या बदली कोणीतरी हवं. माझं तोंड ज्यानं पाहिलं, तो इथला. मग मी मोकळी."

धोंडूला डोळे मिटता येईनात. पापण्याच हलेनात. गालाची कड रुंद होत चालली, नाकाचा शेंडा दिसायला लागला. तेव्हा कुठे त्याला आईची रीत आठवली.

"मी धोंडू," तो रडत म्हणाला. "वडजाईच्या तानूबाईचा धोंडू. वाट दे, माय."

ती थांबली. होती तिथेच थांबली.

"तानूचा? तानू आणि मी एका रहाटावर पाणी ओढायचो. मग तुला माझं नाव माहीत असेल. सांग बघू."

आता काय सांगणार? सवयीने तोंडातून निघालंच, "नीलम..."

तशी ती हसली. स्पीकरमधल्या बाईसारखी नाही. पायाला घाण लागली की माणूस कसनुसं हसतं, तशी.

"नटी तर तंबूत सरबत पीत बसली होती. उडी मी मारली. पाणी नीट उडालं नाही म्हणून पुन्हा मारली. तेव्हा उडालं छान. मी काही वर आले नाही. तोच तुकडा सिनेमात लावला त्यानं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी पाठ बघून." तिने ओला पदर पिळला. "तुला बदली ठेवून काय करू रे? या जागेत एवढं सगळं खोटं आहे. निदान भूत तरी खरं असू दे. ऊठ. आई वाट बघते."

आणि तिने पुन्हा पूर्ण पाठ फिरवली.

पळाला धोंडू. वहाण विहिरीवर राहिली, बिल्ला काट्यात अडकून तुटला. दार लोटून आत आला तर तानूबाई कपाळावर ओलं फडकं ठेवून जागीच होती.

"नाव सांगितलंस का विहिरीवर?"

"सांगितलं. आई, ती कोण होती?"

तानूबाईने कपाळावरचं फडकं काढलं. मग म्हणाली, "हौसा. प्रतापनं गावात सांगितलं, ती मुंबईला पळाली, नटी व्हायला. तिच्या बापानं ते खरं मानलं आणि घरात तिचं नाव बंद केलं. कोणी तिचं नाव घेईना. पण ती विहिरीतच आहे, हे आम्ही जाणून होतो. मग आम्ही पाणी भरणाऱ्या बायका काठावर आपलीच नावं सांगायला लागलो. म्हटलं, तिला कळू दे, आपल्यातलंच कोणी आलंय."

बघा, रीत कुठून आली ते.

आईचा ताप उतरला आणि धोंडू बिल्ल्याशिवाय कामावर गेला. विहिरीपाशी माइकवर त्याने नीलमकुमारी काढून टाकली आणि हौसाची खरी गोष्ट सांगितली, उडीसकट, नाव फक्त शेठचं टाळून. पहिल्यांदाच तिथे कोणी आईस्क्रीमकडे पळालं नाही.

प्रतापशेठच्या कानावर गेलं. तुम्हाला वाटेल रागावला असेल, घाबरला असेल. छे. त्याला लाज असती तर गोष्टच कशाला घडली असती? पांढरी सफारी घालून आला आणि धोंडूच्या पाठीवर थाप मारली.

"अरे, नीलमपेक्षा हे भारी आहे. पाठमोरी बाई. याचा रात्रीचा खेळ लावू. वेगळं तिकीट."

"शेठ, तुम्हाला तिचं नाव तरी आठवतं का?"

"कोणाचं?"

धोंडूने माइक त्याच्या हातात दिला. "मी येत नाही उद्यापासून. एकच सांगतो, तिला तोंड फिरवायला सांगू नका."

शेठ हसला. शहरातून एक मुलगी आणली, तिला हिरवं नऊवारी नेसवलं, अंगावर पाणी मारलं. रात्री तालीम ठेवली. शेठ विहिरीसमोर खुर्ची टाकून बसला, हातात कर्णा, जुन्या दिवसांसारखा. येसाजी त्याच्यामागे कंदील धरून उभा. काठावर हिरवं लुगडं येऊन उभं राहिलं.

"छान," शेठ म्हणाला. "आता चाल. आता थांब. हां, आता वळ. तोंड दाखव. अगं, घाबरतेस काय, पुढे ये. पूर्ण तोंड दाखव लोकांना."

त्याचं ऐकायची तिला सवयच होती. ती वळली.

येसाजीला शेठची फक्त पाठ दिसत होती. तो सांगतो, पाठ ताठ झाली आणि मग खुर्चीत कोणी नव्हतं. पाणी उडालं. छान उडालं, म्हणतो. तेवढ्यात मेकअपच्या खोलीतून ती शहरातली मुलगी लुगड्याच्या निऱ्या सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "सर, मला उशीर झाला का? कुठे उभी राहू?"

गळ टाकले, पाणबुडे उतरले, काही लागलं नाही. पेपरात आलं, शेठ परदेशी गेला. घरच्यांनी तसंच सांगितलं, आणि लोकांनी तसंच मानलं. हौसाचं जसं मानलं होतं.

आता वडजाईच्या बायका काठावर हौसाचं नाव उघड घेतात. हिरवं लुगडं पुन्हा कोणाला दिसलं नाही. पण मागच्या फाटकाच्या त्या वाटेने जाऊ नका, कितीही घाई असली तरी. तिथे ओली पांढरी सफारी घातलेला एक माणूस पाठमोरा उभा असतो. कीव येऊ देऊ नका, "ओ शेठ" म्हणू नका. आणि नाव सांगून सुटू, असंही समजू नका.

हौसा आधी नाव विचारायची. हा विचारणार नाही. जन्मात त्याने कधी कोणाचं नाव विचारलं नव्हतं.