एकोडीच्या कोठीतला बेस

बेस गिटारवाल्याची काय इज्जत असते, ते मले विचारा.

जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या आम्हा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा होता. एकदा एकोडीले लग्नात वाजवाले गेलो. माहा स्पीकर बारका, अन् मांडवातल्या भोंग्यातून बाकी सगळे ऐकू येत, माहा बेस काही येईना. नवरीचे काका, गणपतराव, उठून माह्याजवळ आले. म्हणाले, "बाबू, तू काहून नुसता खाजवून राहिला? वाजव ना."

मले लागलं ते. ओसरीत धानाच्या दोन लोखंडी कोठ्या होत्या, एक भरलेली, एक रिकामी. मी माहा स्पीकर रिकाम्या कोठीत उतरवला, वायर मांडवात आणली अन् जाडी तार छेडली.

कोठी अशी घुमली का भिंतीवरचे फोटो हालले. दुसऱ्यांदा छेडली तर भरल्या कोठीखालून उंदीर निघाले. दोन-चार नाही, पूर्ण खानदान. सरळ मांडवात शिरले. व्याही खुर्चीवर चढले, नवरदेव त्यांच्या मागं. आमचा गायक तर माइक टाकून बैलगाडीत जाऊन बसला.

गणपतराव माह्याकडे येताना दिसले, तशी मी गिटार छातीशी धरली. आता मार बसते म्हटलं.

त्यांनी खांद्यावर हात ठेवला अन् हळूच म्हणाले, "दिवाळीनंतर धान घरी आलं का येजो. त्या गाणाऱ्याले आणू नको, त्याचा काही उपयोग नाही."