गॅलरीच्या सळया

— नाही गं, रडत नाहीये, सर्दी झालीय. उभी का आहेस, बस की. खुर्चीवर नको, कपडे पडलेत, पलंगावर बस. आणि बिस्किटं कशाला आणलीस? आजारी आहे का मी? नापास झालेय. नापास झालेल्या माणसाकडे येताना सगळे असं सुतकी तोंड करून का येतात कोण जाणे. आई फोनवर म्हणाली, होतं असं कधीकधी — आणि मागून बाबा विचारत होते, "तिच्या त्या मैत्रिणीला किती पडले?" सांगितलं मी. मला अठ्ठावीस, तुला एक्क्याऐंशी. का नाही सांगणार? मला काय त्याचं?

सावरलेय मी आता. परवा फेरपरीक्षा, त्यातही गेले तर वर्ष वाया — पण सावरलेय. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नाही, रागावू नकोस हं — तुला हा विषय शिकवला कोणी? मीच ना? ह्याच पलंगावर, सगळं सेमिस्टर. मी बोलायचे, तू गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकायचीस. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू. मेसमध्ये मी सांगायचेही सगळ्यांना, हिला माझ्याशिवाय एक गणित सुटत नाही म्हणून. गमतीनं गं. आणि तू ऐकायचीस तरी किती शहाण्यासारखी — मध्ये बोलणं नाही, शंका नाही. सुरुवातीला एकदाच म्हणालीस, "असं नसेल बहुतेक," तेव्हा मी म्हटलं, मग तूच शिकव — आणि आठवडाभर बोलले नाही तुझ्याशी. ते सोड. त्यानंतर सगळं कसं सुरळीत चाललं.

म्हणून तर म्हणते, सरांनी डूख धरलाय माझ्यावर. वीस मार्कांचा तो गॅलरीचा प्रश्न — भिंतीतून बाहेर आलेला स्लॅब, दुसऱ्या टोकाला आधार नाही. काँक्रीट ताणलं की तडकतं, म्हणून जिथे ताण तिथे लोखंडी सळया; कुठे ते दाखवा. मी खाली दाखवल्या. वीसपैकी शून्य. आकृती एवढी सुबक काढली होती, तिची तरी दया यायची माणसाला. वजन वरून येतं, स्लॅब खाली वाकतो, खालची बाजू ताणते — हजारदा सांगितलंय मी तुला हे. मान काय खाली घालतेस? थांब, पुन्हा दाखवते, माझीही उजळणी होईल. ती तुझी चप्पल दे इकडे — हीच बरी, दोन्हीकडून भेगाळलीय. हे बघ, दोन पुस्तकांवर दोन टोकं ठेवली, मध्ये दाबलं. भेग खाली उघडली. दिसली ना? झालं. आता गॅलरी. एक टोक घट्ट धरायचं, ही भिंत. दुसरं मोकळं. मोकळ्या टोकावर दाबलं की भेग —

वर उघडली.

थांब. पुन्हा दाबते.

वरच. म्हणजे सळया वर. — तू काय लिहिलंस पेपरात? नाही, सांग ना. वर लिहिलंस. तुला माहीत होतं. मी इथे बसून खाली, खाली म्हणत होते आणि तू मान डोलवत होतीस. पेपरच्या आदल्या दिवशीसुद्धा. मग खोलीत जाऊन बरोबर काय ते वाचायचीस, असंच ना? आणखी काय काय चुकीचं शिकवलं मी तुला? एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी काय — हो, माहितेय मी काय केलं असतं. तरी सांगायचं होतंस. आठवडाभरच तर बोलले नसते.

नको, पिशवीतून वही काढू नकोस. आत्ता कळलं बिस्किटं कशासाठी ते. आज तू शिकवणार आणि मी ऐकणार, हो ना? एवढी वेळ आली नाही माझ्यावर. ही घे चप्पल. जा.

जा म्हटलं ना.

— अगं, थांब. खांबांचं मी सांगितलं होतं, ते तरी —

काही नाही. दार ओढून घे.