दाद न मागण्याची अट

समारंभाचे अध्यक्ष माननीय भास्करराव, व्यासपीठावरची कमिटी, सत्कारमूर्ती पद्माताई, आणि हसताय की नाही हे मास्कमुळे कळू न देणाऱ्या, सातासमुद्रापलीकडच्या या क्रेगीबर्नमधल्या मराठी मंडळींनो, नमस्कार.

मी लीना. पद्माताईंनी सुरू केलेल्या शनिवारच्या मराठी शाळेत शिकवते. निरोपाचे चार गोड शब्द बोल, असं मला बजावलंय. शालही सुंदर आहे. पण मंडळ सोडणाऱ्याला एरवी आपण चहासुद्धा विचारत नाही. मग आजच एवढा थाट कशाला?

कमिटी म्हणते, लॉकडाऊनमध्ये मंडळाच्या गणपतीच्या विसर्जनाला पद्माताईंनी अंगणात माणसं जमवली. त्यांनी कागदावर सही करून चूक कबूल केली, शाळेसकट सगळं सोडलं. आणि एक अट, जरा हळू आवाजात सांगितलेली: सर्वसाधारण सभेपुढे दाद मागायची नाही. मागितली तर शाळा बंद. चूक एवढी स्पष्ट असेल, तर सभेची भीती नक्की कोणाला वाटतेय?

त्या दिवशी आपण सगळे झूमवर होतो. एकाची टाळी दुसऱ्याच्या कडव्यात, आरतीचा नुसता बट्ट्याबोळ. पद्माताई म्हणाल्या, "राहू दे, आम्ही घरातले दोघंच म्हणतो." तेवढ्यात म्यूट करायला विसरलेला एक आवाज आला, "छे, आरती अशी असते का? चला रे, पद्माकडेच जाऊ, पाच मिनिटांचं तर काम." आवाज कोणाचा, ते मी सांगत नाही. भास्करराव, पाणी घ्या ना.

दारात आलेल्या माणसांना परत जा म्हणणं ताईंना जमलं नाही. एवढी त्यांची चूक, ती मलाही मान्य आहे. परवा मी विचारलं, "ताई, सही का केलीत?" तर म्हणाल्या, "अगं, मुलं आत्ता कुठे मराठीत भांडायला लागलीयत. शाळा चालू राहू दे." मला फार राग आला, आणि रडूही आलं.

दाद मागणार नाही, हा शब्द पद्माताईंनी दिलाय. मी दिलेला नाही. आपल्या नियमांत कोणाही सभासदाला सभा मागता येते. ती मी इथेच, सगळ्यांसमोर मागते आहे. तो आवाज ज्यांनी ऐकला, त्यांनी हात वर करावा. ताई, खाली बघू नका, समोर बघा.

मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांची आभारी आहे. काही अधिक-उणं बोलले असेन तर मोठ्या मनाने माफ करा. आणि माफीऐवजी शिक्षाच द्यायची ठरली, तर आत्ताच सांगून ठेवते, मी दाद मागणार.