डॉर्कसच्या बुटांचं माप

—आधी आत ये आणि दार लोटून घे एनॉक, मग विचार काय विचारायचं ते. भर दुपारी आलास! नदीच्या या काठावर तू सापडलास तर सरळ तुरुंग, ठाऊक आहे ना? तुझा मालक, म्हातारा ओव्हरबी, मरताना तुला मोकळं करून गेला, आणि आमच्या केंटकीच्या कायद्याने तुला त्याच महिन्यात पलीकडे ओहायोत हाकललं — मोकळा झालेला काळा माणूस इथे दिसायला नको म्हणे. बायको इकडे, नवरा तिकडे. सहा वर्षं झाली ना? बस. तिथे नको, ती बाबांची खुर्ची आहे. त्या पिठाच्या पिंपावर बस. बरं, नको बसूस, उभा राहा, तुझी मर्जी.

सांगते ना. डॉर्कस घरात नाही. असा इकडेतिकडे बघू नकोस, स्वयंपाकघर आहे हे, इथे कोणी लपलेलं नाही. बघ ना घराची काय दशा झालीय — ही कॉलर, आजची तिसरी, जाळली मी. इस्त्री किती तापली ते ओलं बोट लावून बघायचं, ती तसंच करायची, मी बोटच भाजून घेतलं. बाबा म्हणतात, एवढी कॉलेजात शिकलीस आणि एक कॉलर जमत नाही? मी म्हटलं, बाबा, तुम्हाला तरी पन्नास वर्षांत एक कॉलर जमली का? — हे बघ, मी गप्प बसणारी नाही. आधी ते लक्षात घे, नाहीतर तू माझ्याबद्दल भलतंच काहीतरी समजशील. मी त्यांच्यातली नाही. तुझी सगळी पत्रं माझ्या नावावर यायची, ‘तुझी मैत्रीण हार्मनी’ अशी सही करून, ती तिला कोण वाचून दाखवायचं? मीच ना? वर माळ्यावर बसून, दोन-दोनदा. तू जूनमध्ये पाणी उतरलं की येणार, तिला पलीकडे नेणार, हे या घरात तिच्याखेरीज फक्त मला माहीत होतं. म्हणजे — तेव्हा फक्त मलाच.

आमच्या घरातली मोठी माणसं तुला माहीत नाहीत. बाबा म्हणतात, देश एकसंध राहिला पाहिजे आणि गुलामही राहिले पाहिजेत. मिसिसिपीहून आलेला लिअँडर मामा म्हणतो, देश गेला खड्ड्यात, गुलाम राहिले पाहिजेत. आणि एवढ्या फरकावर दोघं तीन-तीन तास भांडतात! एकमेकांचं तोंड बघणार नाही म्हणतात, आणि हॅमचा दुसरा तुकडा एकमेकांच्या ताटात वाढतात. बाबांचा हेका एकच — केंटकी कोणाच्याच बाजूने जाणार नाही, उत्तरेने आणि दक्षिणेने खुशाल एकमेकांची डोकी फोडावीत, आपण ओसरीवर बसून बघू. मामा त्यांना म्हणतो, भावजी, कुंपणावर बसून तुमची पँट फाटायची वेळ आलीय. आणि मी? मी काय म्हणते ते कोण विचारतंय! मुलीने पियानो वाजवावा.

तर तो रविवार. एप्रिलमधला. सम्टरच्या किल्ल्यावर तोफा डागून युद्धाला तोंड फुटल्याला आठवडा झाला होता, गावातली निम्मी पोरं या बाजूच्या आणि निम्मी त्या बाजूच्या छावणीत नाव नोंदवायला निघाली होती. आम्ही जेवायला बसलेलो. डॉर्कस माझ्या खुर्चीमागे मोरपिसांच्या झाडणीने माश्या वारत उभी. मामा ज्ञान पाजळत होता — उत्तरेचे लोक उगाच आग लावतात, आमची माणसं आमच्याकडे सुखात आहेत, घरच्यासारखी. बाबा मान डोलावताहेत, सगळा जन्म भांडून शेवटी यावर दोघांचं एकमत! मी म्हटलं, सुखात आहेत तर रात्री दारांना कुलपं कशाला लावता? मामा हसला. म्हणाला, तिलाच विचारू की, उभीच आहे. काय गं डॉर्कस, तुला कुठे जायचंय का इथून? ती म्हणाली, नाही साहेब. मामा म्हणाला, ऐकलंस, केझाया? आणि ते हसू, एनॉक — तू पाहिलं नाहीस ते, पाईचा घास तोंडात आणि ते हसू — माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, खोटं बोलतेय ती! भीतीने बोलतेय! तिच्या नवऱ्याचे शब्द ऐकायचेत? आणि तुझं पत्र मला तोंडपाठ होतं, तू लिहितोसच इतकं छान — ‘पाण्याला उतार पडला की मी येईन, तू लाकडाच्या वखारीमागे थांब, या वर्षी आपण एका छपराखाली झोपू’ — मी अख्खं म्हणून दाखवलं. उभी राहून. टेबलावर मूठ आपटून. म्हटलं, हे सुखी माणसांचं लिहिणं आहे का?

झाडणी थांबली. तेवढंच. माझ्या मानेवरचा वारा थांबला, म्हणून मला कळलं की मी काय बोलून बसले.

मामाने रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाला, जिंकलीस हो पोरी, वाद तू जिंकलीस.

असा बघू नकोस. मी काय मुद्दाम केलं? तिच्यासाठीच भांडत होते ना मी! तिच्यासाठी दुसरं कोण बोललं त्या टेबलावर? — हो, पाठवलं तिला. त्यांनी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा निघाला, तिला घेऊन. लुईव्हिलपर्यंत गाडीने आणि तिथून रेल्वेने दक्षिणेला. तिला त्याने स्वतःकडे ठेवलेलं नाही, त्याने आधीच सांगितलं होतं, पळायचं मनात आलेली बाई मला दारात नको म्हणून. वाटेत कोणी भेटेल त्याला देणार होता. नॅशव्हिल, मेंफिस, आणखी खाली, कापसात, मला काय माहीत!

कागद? कसला कागद? ... हो, असतो कागद. मालकाची सही लागते. बाबांची नाही — बाबांनी ती मला दिली होती, माझ्या एकविसाव्या वाढदिवसाला, घोडा देतात तशी, रिबिनीत गुंडाळलेला कागद. मी तेव्हाच म्हटलं होतं मी हिला मोकळी करणार म्हणून! डॉर्कसलाही सांगितलं होतं. कोर्टात जाऊन एक अर्ज, दोन साक्षीदार, संपलं, पण आधी शेवटची परीक्षा होती, मग तो निबंध — गुलामीविरुद्ध, पहिलं बक्षीस मिळालं मला, त्या दिवशीचा झगा तिनेच रात्रभर बसून चुणला होता — मग आईचं आजारपण निघालं, मग हिवाळा आला. एका वर्षात किती कामं निघतात माणसाला, तुला कल्पना नाही. आणि ती म्हणायचीसुद्धा नाही काही! एकदा तोंडाने म्हणाली असती, मिस केझाया, कोर्टात कधी जायचं, तर मी लगेच—

केली सही. केली, झालं? बाबा रडत होते, एनॉक. हिच्यामागोमाग सगळे पळतील, शेजारी आपलं कोठार जाळतील, म्हणत होते. मी बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. पण त्यासाठी नाही. त्यासाठी केली असं सगळ्यांना सांगते, पण — रात्री ती माझे केस विंचरत होती, रोजच्यासारखी. आणि आरशात माझ्या मागे तिचे डोळे. शिव्या दिल्या असत्या, रडली असती तरी चाललं असतं मला. नुसती बघत होती. मला वाटलं, आता जन्मभर रोज रात्री हेच. मला ते सोसवेना. सकाळी मामाने कागद पुढे केला, आणि मी वाचलासुद्धा नाही.

नाव? कुणाचं नाव? ... नाव नव्हतं रे त्यावर. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. मामा म्हणाला, कोण घेईल ते तिकडे गेल्यावर कळेल, मग भरू. मी कोऱ्या जागेखाली सही केली. आता मामाला विचारायचं तर टपाल बंद, पहिल्या तारखेपासून दक्षिणेला पत्रच जात नाही. विचारलं तरी तो सांगणार आहे थोडाच? सैन्यात गेलाय. मेला तर कोणाला म्हणजे कोणालाच माहीत नसेल. — मला ओरडू नकोस. ओरडत नाहीयेस, ठाऊक आहे मला.

तुला पत्र लिहिणारच होते. ओहायोचं टपाल चालू आहे, हो. आठ आठवडे रोज बसायचे लिहायला. ‘प्रिय एनॉक’ यापुढे काय लिहायचं असतं ते सांग तू मला. शिकले मी सगळं, हे नाही शिकले.

ते गाठोडं इथे नको सोडूस. काय आहे त्यात? ... बूट. तिच्यासाठी. हो, आठवलं, तू माप मागवलं होतंस, दोऱ्याने पायाचं माप घेऊन पाकिटात घाल म्हणून, पलीकडे पाय ठेवताच अनवाणी नको. किती छान शिवलेत, चांगलं कातडं आहे. — एनॉक, तो दोरा. डॉर्कस त्या दिवशी नदीवर धुणं घेऊन गेली होती, टपालवाला दारात खोळंबला होता. म्हटलं, आमची उंची सारखीच आहे. मी माझ्याच पायाचं माप घेतलं. मुद्दाम नाही. पण तिचा पाय रुंद आहे, नाही का रे? तुला ठाऊक असेल. हे तिला झालेच नसते.

घोडा ऐकलास? बाबा आले. जा तू — इकडून नाही, मागच्या दाराने, मांस धुरावतात त्या खोलीमागून खाली उतर. आणि हे उचल. उचल म्हणते ना! मी नाही घालणार ते. एनॉक, ते इथे ठेवून जाऊ नकोस—